काठीवरचा तारा

छपरावर बसलं की अख्खं गाव दिसतं:
चर्चचा कांद्यासारखा घुमट, आटलेल्या तळ्याचा गाळ,
ब्रुनरच्या गोठ्याला मीच गेल्या वर्षी बसवलेली
आणि आता गळणारी पन्हळ.
तिच्याबद्दल नंतर.

जुलैचा तिसरा आठवडा. सीमेपलीकडून, चेक जंगलातून
वारा येतो तोही भाजून निघालेला.
बाटलीतलं पाणी चहाइतकं कोमट,
कौल उचलावं तर हातमोज्यातून चटका.
अशा वेळी माणूस देव शोधत नाही,
तारा शोधतो.

बिअर दुकानात मिळत नाही असं नाही,
पण ती पाहुण्यांनी प्यावी.
आमची भट्टी एकच, गावाची, लाकडावर चालणारी.
ज्याची पाळी तो सातूचा काढा उकळतो,
घरच्या तळघरात नेतो, आंबवतो, वाट पाहतो,
आणि जमली की दारावर काठी रोवून
सहा टोकांचा पत्र्याचा तारा टांगतो.
बोलीत त्याला त्सोइगल म्हणतात.
तारा आहे: या, बसा.
तारा नाही: संपली, घरी जा.

कपाळावर हात धरून मी पाहिलं.
लिंडनरकडे नाही, सून बाळंत झालीय.
वरच्या आळीत शीसल, नाही.
पुलाजवळ नुसती काठी, तिच्यावर कावळा.
मग दिसला. एकच. डोळ्यांत घुसेल असा लखलखीत.
आलोइस फोर्स्टरच्या दारावर.
मी छपरावरून मोठ्यानं म्हणालो: अरेरे.

तीस वर्षं आलोइसनं बिअर केली
आणि तीस वर्षं गावानं ती शेजारधर्म म्हणून प्यायली.
ओल्या गोणपाटाची चव. एका साली गंजाची.
एका साली कशाची, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.
बायको वाल्बुर्गा तळघराच्या
तिसऱ्या पायरीपर्यंतच जायची.
हे बायकांचं काम नाही, तो म्हणायचा,
आणि आम्ही मिशीचा फेस पुसत
माना डोलवायचो. भित्रे सगळे.

मार्चमध्ये त्याचा उजवा हात गेला. आणि वाचा.

तहानेला नाक नसतं. मी गेलो.
चेस्टनटखाली बाकं, बाकांवर माझ्यासारखेच नाइलाज झालेले:
पोस्टवाली ग्रेटल, लाकडाच्या ट्रकचे दोन चेक ड्रायव्हर,
स्वतःची उशी घेऊन आलेले फादर.
वाल्बुर्गानं ग्लास ठेवला. काही बोलली नाही.
बाहेरून घामेजलेला, आतून गढूळ सोनेरी,
जवळ धरला तर तळघराच्या दगडाचा गारवा.

एक घोट.
भाजल्या पावाचं कड, कापलेलं गवत,
आणि शेवटी कडवटपणा, उशिरा येऊन
गुपचूप मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसासारखा.
मी ग्लासाकडे पाहिलं. ग्रेटलनं माझ्याकडे.
एक ड्रायव्हर त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला,
ते सगळ्यांना कळलं.

मग हळूहळू सगळे आलोइसकडे वळले.
खुर्चीत, गुडघ्यांवर या उकाड्यातही घोंगडी.
डाव्या हातानं त्यानं ग्लास उचलला,
थोडी शर्टावर सांडली, उरलेली प्याला,
एका दमात, डोळे मिटून.
बराच वेळ ते उघडले नाहीत.
कुठलंतरी झुरळदेखील चालताना ऐकू आलं असतं.
मग रिकामा ग्लास टेबलाच्या कडेला सरकवला
आणि काठावर बोटानं दोनदा टकटक केलं.

वाल्बुर्गानं पाहिलं.
आधी ड्रायव्हरांना दिली. मग ग्रेटलला.
मग फादरना, मग मला, मग दारात नुकत्याच आलेल्या
ब्रुनरलासुद्धा.
मग त्याला.

मी विचारलं, वेगळं काय केलंत?
तिनं पदरासारखा ॲप्रन खोचला, जरा विचार केला.
म्हणाली, पिंपं धुतली.

ब्रुनर माझ्या शेजारी टेकला. म्हणाला, पन्हळ गळतेय.
मी म्हणालो, उद्या येतो.
उद्याही तारा आहे, तो म्हणाला.
मग सोमवारी.